चिकूच्या खोड्या आणि आजींचं बोट

नाशिकहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देते:

‘ताई, दोन वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला आम्ही कॉकटेल पक्षी आणला. करडा रंग, पिवळा चेहरा, गालांवर केशरी ठिपके. नाव चिकू. पहिलं वर्ष छान गेलं. आता रोज घरात कटकट आहे. माझ्या लॅपटॉपची तीन बटणं त्याने उपटली. मुलाच्या वह्यांच्या कडा कुरतडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरचा पार चुरा केला. मी घरून काम करते. मीटिंग सुरू झाली की असा किंचाळतो की पलीकडची माणसं विचारतात, “सगळं ठीक आहे ना?” आम्हा दोघांना आणि मुलाला काही करत नाही, पण सासूबाईंचं बोट दोनदा रक्त येईपर्यंत चावला. दिवाणभर शी करतो ते वेगळंच. ह्यांचं म्हणणं, पंखांची पिसं कापून आणू. जाऊबाई सांगतात, ओरडला की पिंजऱ्यावर चादर टाका. सासूबाई म्हणतात, एकटा पडलाय बिचारा, बाजारातून हिरवा मिठू आणा, जोडी होईल. एवढं चावूनही त्या त्याला चहात बुडवलेलं बिस्किट देतात. नणंदेचं मत, सरळ कुणाला तरी देऊन टाका. मला तो द्यायचा नाही. काय करू?’

ताई, शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि बरं वाटलं. द्यायचा नाही हे तुमचं ठरलं आहे ना, मग बाकी सगळ्याला वाट आहे. थोडा वेळ लागेल, पण आहे.

दुकानात ज्याला कॉकटेल म्हणतात त्याचं नाव कॉकॅटिएल. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, आतल्या भागातला पक्षी. काकाकुव्याच्या कुळातला सगळ्यात छोटा. वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम, आणि नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो. म्हणजे तुमचा मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही चिकू घरात असेल. रानात हा थव्याने राहतो. सकाळी उठायचं, पाणी गाठायचं, जमिनीवर सांडलेलं गवताचं बी टिपत मैल न् मैल हिंडायचं. दिवसाचा मोठा भाग पोट भरण्यात जातो. तुमच्या घरी त्याला वाटीत दाणे मिळतात, दहा मिनिटांत पोट भरतं. उरलेल्या दिवसाचं त्याने काय करायचं? चोच आहे, डोकं आहे, ताकद आहे आणि काम नाही. तुमच्या पत्रातल्या बहुतेक खोड्यांचं मूळ मला इथे दिसतं.

लॅपटॉपचं बटण तो कसं काढतो ते एकदा शांतपणे बघा. आधी जिभेने कड चाचपतो. मग खालची चोच फटीत सरकवतो, मान किंचित तिरकी करतो आणि टिक्‌! बटण हवेत. लगेच दुसऱ्याकडे. त्याच्या दृष्टीने ते शेंगेतून दाणा काढणंच आहे. वर दर बटणामागे तुम्ही “अरे देवा!” करत धावत येता. एवढी मजा वाटीतल्या दाण्यांत कुठून असणार?

त्याला दुसरं काहीतरी फोडायला द्या. माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे पत्रावळीचे द्रोण. पूजेच्या सामानाच्या दुकानात पळसाच्या पानांचे, काड्यांनी टाचलेले द्रोण मिळतात. प्लॅस्टिकचा थर असलेले नकोत, नुसत्या पानांचे घ्या. पुसून कोरडे करा, एकात चिमूटभर राळे टाका, वर दुसरा द्रोण उपडा घाला आणि कडा काडीने टाचा. पहिल्या दिवशी तो लांबूनच बघेल, तुरा ताठ करून. नवी वस्तू म्हणजे भीती, तेव्हा घाई करू नका. दोन दिवस ते नुसतं पिंजऱ्याजवळ ठेवा, तुम्ही स्वतः हातात घेऊन फाडा, त्यातला दाणा काढून त्याला द्या. एकदा कळलं की मग बघाच. आमच्याकडचा आधी एकेक काडी उपसून खाली टाकतो, खाली पडताना तिच्याकडे मान वाकवून बघतो, आणि मगच पान फाडायला घेतो. पाऊण तास आवाज नाही.

पेरूची किंवा शेवग्याची कोवळी फांदी (औषध न फवारलेली), सोललेल्या मक्याचं बुरकुंड, साध्या पुठ्ठ्याचे तुकडे, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, हे सगळं चालतं. सुतळी आणि काथ्याचे लांब धागे मात्र नकोत, पायाच्या बोटाला गुंडाळले की रक्त अडतं. दर दोन-तीन दिवसांनी वस्तू बदला. लॅपटॉप आणि वह्यांसाठी साधा नियम: तो बाहेर असेल तेव्हा त्या बंद किंवा कपाटात. चार्जरच्या वायरीचं मला जास्त भय वाटतं. चालू वायर चोचीत धरली तर शिकवायची दुसरी संधी मिळत नाही.

आता किंचाळणं. यात दोन वेगळे आवाज आहेत, ते ओळखा. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला तो दहा-पंधरा मिनिटं ओरडणारच. थवा त्या वेळी एकमेकांना साद घालतो. ते बंद करायच्या मागे लागू नका. दुसरा आवाज तुम्ही नजरेआड झालात की येतो. तुम्ही मीटिंगसाठी खोलीचं दार लावलंत, त्याने विचारलं, “कुठे गेलीस?” उत्तर नाही. मोठ्याने विचारलं. तरी नाही. किंचाळला, आणि तुम्ही दार उघडून “चूप रे!” म्हणालात. त्याला काय कळलं? हळू विचारलं तर कुणी येत नाही, किंचाळलं की येतात. रागावण्यासाठी आलात की लाडासाठी, हा फरक त्याच्या हिशेबात नाही. तुम्ही आलात, बस.

म्हणून हळू आवाजालाच उत्तर द्या. एक छोटी शीळ ठरवा, दोन सुरांची. स्वयंपाकघरात असा, बाल्कनीत असा, त्याने साधी साद घातली की लगेच तीच शीळ परत द्या. काही दिवसांत तोही ती शीळ उचलेल. किंचाळला तर कुणीही जायचं नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. दोन-तीन सेकंद थांबला की लगेच शीळ. आणि आधीच सांगून ठेवते, सुरुवातीचे चार-पाच दिवस तो पूर्वीपेक्षा जास्त ओरडेल. नेहमीचं दार उघडत नाही म्हटल्यावर माणूसही आधी जोरातच ठोठावतो. त्या दिवसांत घरातलं एक जण जरी पाघळून धावलं तरी तो शिकेल की आणखी जोरात ओरडायचं असतं. शेजाऱ्यांना आठवडाभराची कल्पना देऊन ठेवा. मीटिंगच्या पाच मिनिटं आधी ताजा द्रोण टांगा आणि मग दार लावा.

चादरीचं म्हणाल तर दिवसा नको. ओरडल्यावर अंधार करून त्याला काही कळत नाही, फक्त झोपेचं घड्याळ बिघडतं. रात्री मात्र चादर जरूर टाका, एक बाजू उघडी ठेवून. त्याला रोज दहा-बारा तास झोप लागते. तुमच्या घरी रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि दिवा चालू असतील तर चिडचिडीचं अर्धं कारण तिथेच सापडेल. जवळ एक मंद झिरोचा दिवा राहू द्या. कॉकटेल रात्री दचकतात. एखादी पाल सरकली, गाडीचा उजेड भिंतीवरून गेला की अंधारात धडपडून पिंजऱ्यावर आपटतात. कोवळं पीस तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर लावून बोटाने दाबून धरा आणि रक्त थांबलं नाही तर तसेच डॉक्टरांकडे न्या.

सासूबाईंचं बोट हा पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटला. दिवसभर घरात त्या असतात. चिकूचं त्यांच्याशी जमलं तर तुमचे निम्मे प्रश्न आपोआप हलके होतील.

बहुधा असं होत असावं. त्या हात वरून आणतात, कौतुकाने, डोक्यावरून फिरवायला. हातातल्या बांगड्या किणकिणतात. शंभर ग्रॅमच्या जिवावर वरून येणारी गोष्ट म्हणजे ससाणा किंवा घार. तो तुरा मागे चापून बसवतो, अंग बारीक करतो, फिस्‌ असा आवाज काढतो. हे त्याचं स्पष्ट “नको” आहे. त्या तरीही हात पुढे नेतात, तो चावतो, हात झटकन मागे जातो. म्हणजे चावलं की भीती टळते, हे त्याला पाठ झालं. आणखी एक. कधीकधी तो बोटावर चढण्याआधी चोच टेकवतो. तो चावा नसतो, फांदी पक्की आहे का याची चाचपणी असते. चोच त्याचा तिसरा पायच आहे. नेमका त्याच क्षणी हात मागे घेतला की त्याला वाटतं ही फांदी हलते, हिच्यावर भरवसा नको.

तुरा वाचायला सगळ्या घराने शिकावं. अर्धवट उठलेला, टोक मागे झुकलेलं, म्हणजे निवांत आहे. सरळ ताठ म्हणजे दचकलाय किंवा काहीतरी नवं दिसलंय. डोक्याला चिकटलेला आणि वर फुसफुस म्हणजे हात लावायचा नाही, त्या वेळी आजीही नाही, पाहुण्यांची मुलं तर मुळीच नाही. तुमचा मुलगा हे दोन दिवसांत शिकेल, त्याच्यावरच हे काम सोपवा. आजीला रोज “आता कसा आहे?” हे त्याने सांगायचं.

सासूबाईंना सांगा, दहा दिवस त्याला हात लावू नका. फक्त दिवसातून चार-पाच वेळा पिंजऱ्याशी यायचं, राळ्याच्या कणसाचा तुकडा गजांतून द्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि निघून जायचं. हे राळे बाकी कुणी द्यायचे नाहीत. द्रोणात तोवर दुसरे दाणे घाला. राळे आजींच्याच हातचे. दहा दिवसांनी तो त्या आल्या की गजांपाशी सरकायला लागेल. मग एक कुल्फीची काडी घ्यायची. काडीच्या टोकाला त्याने चोच लावली की “शाब्बास” आणि एक दाणा. एवढंच, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. काडी डावीकडे नेली, तो मागे आला, शाब्बास. काडीच्या मागे तो चालायला लागला की पिंजऱ्याच्या दारात बोट आडवं धरायचं, छातीच्या खालच्या बाजूला, पोटाशी, वरून कधीच नाही. काडी बोटाच्या पलीकडे धरायची. तो काडीसाठी बोटावर पाय ठेवेल. बांगड्या त्या वेळी कोपराकडे सरकवून रुमालाने बांधाव्या. मध्येच चावलाच तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर ठेवून दोन मिनिटं पाठ फिरवायची. चोचीवर टिचकी मारणं, पिंजरा हलवणं असलं काही कुणी करत असेल तर आजपासून बंद. महिन्यांची मेहनत त्या एका टिचकीत जाते.

आजींचं चहा-बिस्किट मात्र थांबवायला हवं. चहातलं कॅफिन या एवढ्याशा हृदयाला झेपत नाही, आणि साखर, मीठ, मैदा त्याच्या कामाचे नाहीत. चॉकलेट, कांदा-लसूण, अॅव्होकाडो हेही नको. अॅव्होकाडो तर पक्ष्यांना विषच आहे. देण्याची हौस भागवायला दुसरं खूप आहे. मोड आलेले मूग, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. हिरवी मिरची सुद्धा देऊ शकता. पक्ष्यांच्या तोंडाला मिरचीची आग जाणवत नाही, म्हणून आपल्याकडचे पोपट ती मिटक्या मारत खातात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर राहिलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व कमी पडतं, चरबी वाढते. गजांत समुद्रफेन (माकूळ या समुद्री जिवाचं पांढरं हाड) अडकवा. आयुर्वेदिक वनस्पतींच्या दुकानातही मिळतं. कॅल्शियम मिळतं आणि चोचीला काम. आणि कुणीही लाडाने ओठांतून दाणा भरवू नका. आपली लाळ त्याला बाधते.

शीचं फार मनावर घेऊ नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी होणारच, धरून ठेवणं त्याच्या शरीरात नाही. पण सकाळी पिंजरा उघडल्यावर पहिली मोठी शी होईपर्यंत त्याला कागद अंथरलेल्या स्टँडवरच ठेवा. झाली की शाब्बास आणि दाणा. नंतर खेळताना तो जरा मागे सरून शेपूट उचलतो, ते दिसलं की स्टँडवर न्या. दिवाणावर जुनी चादर टाका. बाकी साबणपाणी आहेच.

एक शंका. वसंतात, दिवस मोठा झाला की तो कपाटाखाली, पुस्तकांच्या मागे, खोक्यात शिरतो का? तिथून कुणी हात घातला की चावतो का? तसं असेल तर त्याला ते घरटं वाटतंय. अशा अंधाऱ्या फटी बुजवा आणि कुरवाळायचं ते फक्त डोक्यावर आणि गालांवर. पाठीवर, पंखांखाली हात फिरवला की तो जोडीदार समजतो आणि बाकीच्यांना हाकलायला लागतो.

पंख कापण्याबद्दल तुमच्या यजमानांना माझ्यातर्फे एवढंच सांगा की त्यांची काळजी खरी आहे, उपाय बरोबर नाही. पंख कापलेला पक्षी छातीवर आपटतो, घाबरट होतो, आणि जो उडून सुटू शकत नाही तो जास्त चावतो. बरं, वाऱ्याच्या झोतात तोही खिडकीबाहेर जातोच, फक्त परत येऊ शकत नाही. त्याऐवजी घर बदला. खिडक्यांना जाळी. उकळतं तेल, कुकर असताना स्वयंपाकघराचं दार बंद. पाण्याने भरलेली बादली झाकलेली. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या थरातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. पक्ष्याचं फुप्फुस श्वास घेताना आणि सोडतानाही हवा शोषून घेतं, म्हणून विषारी हवेचा पहिला बळी तोच. याच कारणाने ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी सोबत नेत. बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा. पिंजरा देवघराजवळ असेल तर हलवा. उदबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल त्याच्या खोलीत नको.

आणि पंखा. हे लिहिताना अजून हात थांबतो. माझा पहिला लव्हबर्ड मे महिन्यात गेला. बाहेरून घामाघूम होऊन आले, सवयीने बटण दाबलं. तो पडद्याच्या दांडीवर बसला होता, मला बघून खांद्यावर यायला झेपावला. पुढचं लिहीत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे पंख्याच्या प्रत्येक बटणावर लाल चिकटपट्टी आहे. पक्षी बाहेर असला की पट्टी लागलेली, आत गेला की काढायची. बटण दाबायला गेलेलं बोट पट्टीला अडखळतं आणि मान आपोआप वर जाते.

राहिला सासूबाईंचा हिरवा मिठू. त्यांच्या लहानपणी पुष्कळ घरांच्या ओसरीवर पिंजरा असे, पोपटाला “विठू विठू” शिकवत. त्यांची इच्छा मायेपोटी आहे, तेव्हा “कायदा आहे” एवढं म्हणून तोडू नका, समजावून सांगा. आपला हिरवा पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळं गुन्हा आहे, तुरुंग आणि दंड दोन्ही होऊ शकतात. कॉकटेल, बजरीगर परदेशी मूळचे आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेले, म्हणून ते चालतात. आणि बाजारातला तो हिरवा पोपट पिंजऱ्यात जन्मलेला नसतो. थंडी-उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीत हात घालून न उडणारी पिल्लं काढतात, पोत्यात, खोक्यात कोंबून आणतात. त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. एक विकत घेतला की पुढच्या वर्षी आणखी एका ढोलीत हात जातो. कुणी उघड विकताना दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

शिवाय जोडी होणारही नाही. हिरव्या पोपटाची चोच चिकूच्या पायाचं बोट सहज तोडेल. दुसरा कॉकटेल आणायचा विचार पुढे कधी केलात तर तो त्याच्या सोबतीसाठी म्हणून आणा. दोघं एकमेकांत रमले की माणसांकडे थोडी पाठ फिरवतात, हे आधी मान्य असायला हवं. ओरडणं थांबेल या आशेने आणलात तर दोन ओरडतील.

सासूबाईंना पोपट बघायचेच असतील तर गच्चीच्या कठड्यावर मातीच्या परळात पाणी ठेवा. नाशकात संध्याकाळी हिरवे थवे डोक्यावरून जातात, त्यातले काही उतरतील. आणि “विठू विठू” शिकवायची हौस चिकूवरच भागवू द्या. पत्रातलं वर्णन, पिवळाधमक चेहरा आणि एवढा आवाज, यावरून तो नर दिसतोय. कॉकटेलचे नर शब्दांत कच्चे पण शीळ पटकन उचलतात. सासूबाई काकड आरतीच्या वेळी जी चाल गुणगुणत असतील तिची पहिली ओळ त्यांनी रोज त्याच वेळी, त्याच पट्टीत, दहा-बारा वेळा शिळेवर वाजवावी. शीळ येत नसेल तर नातू वाजवेल, त्या ताल देतील.

ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी त्याचं वजन करा, वहीत लिहा. पक्षी आजार लपवतो, पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आठ-दहा ग्रॅम उतरले तर वाट न बघता पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा. असे डॉक्टर नाशकात कोण आहेत ते गरज पडण्याआधी शोधून ठेवा. आणि महिन्याभराने मला लिहा, आजींच्या बोटावर चढला का ते. द्रोण आणायला रविवार उजाडला तरी चालेल. पंख्याच्या बटणावर पट्टी मात्र आजच लावा.